चार सूत

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच पायाने जोखायचं माझं काम सुटलं. पेडलवर आता पोरगा बसतो. सातपूरच्या आयटीआयमधून आलाय, मला काका म्हणतो. मी पुढे, इंजिनापाशी उभा.

गंगापूर रोडचे एक साहेब स्पिटफायर घेऊन आले. पेडल छान लागतं, पण रिव्हर्स टाकला की करकर. त्याआधी दोन गॅरेजांनी मास्टर, स्लेव्ह, होज सगळं नवं घातलेलं. हल्ली निदान म्हणजे पार्सल मागवणं. जुना सिलिंडर उघडून बोअरला नख लावून बघायची सवयच गेली. पावसाळ्यात ब्रेक ऑइलचा डबा महिनाभर उघडा ठेवतात आणि मग रबरांना शिव्या घालतात. क्रोम मात्र असं चमकवतात की त्यात बघून दाढी करावी.

स्पिटफायर १९६२ची, मिकेलॉत्ती या डिझायनरने काढलेली. पण खाली बघा, सगळी हेराल्डच. आणि हेराल्ड १९६१पासून मद्रासला बनत होती, त्यामुळे हा क्लच मला उमेदवारीपासून पाठ. पायाखालचा पहिला अर्धा इंच मला सांगायचा, हवा आहे की वॉशर गेलाय. निदान तसं मी गिऱ्हाइकांना सांगायचो, आणि ते इतरांना सांगायचे, हे मला आवडायचं.

या क्लचची खोड अशी की चालीचा ऐवज एका जागी जात नाही. सरकारी अनुदानासारखं टेबलागणिक थोडं थोडं कापलं जातं. पेडलच्या पिनचं भोक लांबट झालेलं, होज दाबाखाली जरा फुगतोय, फोर्कची पिन झिजलेली. एकेक बघाल तर चालण्यासारखं. पण स्लेव्हच्या दांडीला चार सूत चाल मिळाली नाही, तर प्लेट सुटत नाही. म्हणून मी दांडीला पट्टी लावली. पोराने दाबलं. पुरे चार सूत! पंप मारूनही फरक नाही. म्हणजे ऑइलचा भाग निर्दोष, आणि तरी गिअर खातोय.

मग फोर्क? त्यासाठी सीटं काढून, टनेल उचलून गिअरबॉक्स आतून काढायचा. अख्खा दिवस. मी बॉनेटला टेकून हिशेब करत होतो. या गाडीचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे पालथं पडतं, सगळं इंजिन उघडं. पोराने उगाच पेडल दाबलं आणि क्रँकची पुली माझ्याकडे सरकली.

“परत दाब.” आली. “सोड.” गेली.

डायल लावला. ६० थाऊ! सहा-आठच्या वर प्ले नको. मागच्या मेन बेअरिंगच्या थ्रस्ट वॉशरच्या अर्धचंद्री चकत्या खलास. क्लच दाबला की क्लचचं रिलीज बेअरिंग अख्खा क्रँकच पुढे ढकलत होतं; स्लेव्हने कमावलेलं तिथे बुडत होतं. सीटवर बसून हे दिसणं शक्यच नाही, आणि मी जन्मभर सीटवर बसलो.

नशीब, चकत्या अजून जागेवर होत्या. चेंबर सोडून, मागची कॅप काढून, ओव्हरसाइज चकत्या खालूनच बसवल्या. गिअरबॉक्सला हात लावला नाही.

साहेबांना मी सांगितलं, “आवाजावरूनच मला शंका आली होती.” पोरगा शेजारी उभा होता. काही बोलला नाही, स्पॅनर पुसत राहिला.

तुमच्याकडे हेराल्ड किंवा स्पिटफायर असेल, तर किट मागवायच्या आधी कुणाला तरी पेडल दाबायला बसवा आणि पुलीकडे बघा. डोळ्याला दिसण्याइतकी सरकली तर गाडी चालवू नका. चकत्या चेंबरमध्ये पडल्या की क्रँक आणि ब्लॉक एकमेकांना खातात. आणि द्वारका चौकात अडकलात की क्लच दाबून बसू नका, न्यूट्रल करा; नाहीतर याच चकत्या झिजतात.