कुरणाचे धनी

आयरिश साहित्य शिकवताना ‘देशांतर’ म्हटले की दुष्काळ, आगबोट आणि उत्तर अमेरिका एवढेच माझ्या डोळ्यांसमोर येई. विल्यम बुल्फिनच्या ‘टेल्स ऑफ द पाम्पाज’ (१९००) या कथासंग्रहाने तो समज मोडला.

बुल्फिन १८८४च्या सुमारास अर्जेंटिनाला गेला. काही वर्षे पाम्पाच्या गवताळ मैदानांत राबला. पुढे ब्युनोस आयर्सच्या ‘द सदर्न क्रॉस’ या पत्राचा संपादक झाला. त्याच्या आधीच्या पिढीत वेस्टमीथ, लाँगफर्ड, वेक्सफर्ड या परगण्यांतून हजारो माणसे तिकडे गेली होती. मालकाची मेंढरे अर्धेलीने राखायची, लोकर आणि कोकरे यांतला वाटा साठवून स्वतःचा कळप उभा करायचा, आणि जमले तर जमीन घ्यायची, असा तो क्रम. सर्वांना ते जमले नाही. ज्यांना जमले ते ‘एस्तान्सिया’चे, म्हणजे विस्तीर्ण पशुपालन-जहागिरीचे धनी झाले. स्थानिक लोक मात्र त्यांना ‘इंग्लेस’, म्हणजे इंग्रजच म्हणत.

या संबोधनापाशी मी अडखळलो. मायदेशी जमीनदारांनी कुरणांसाठी कुळांना हुसकावले होते. इथे कुळांच्या घरांतून आलेली माणसे ज्या कुरणांची मालक झाली, तीही कुणाची तरी होती. १८७८ ते १८८५च्या लष्करी मोहिमांनी तर मूळ रहिवाशांची उरलीसुरली भूमीही हिरावून घेतली.

विस्थापितांविषयीची माझी सहानुभूती आटलेली नाही. तिची निःशंकता मात्र गेली. वर्गात मी आता एक प्रश्न अधिक विचारतो: या गवतावर आधी कोण राहत होते?