रिकामा रस्ता आधी

संपादकांनी विषय दिला : आजच्या छायाचित्रकारानं जुन्या छायाचित्रांतून काय शिकावं? सोपं लिहा, रसायनशास्त्र नको, अशी अटही घातली. ती पाळायचा प्रयत्न करतो, पण रसायन पूर्ण वगळलं तर जुना फोटो वाचताच येत नाही.

शिकवायला लागल्यापासून एक गोष्ट मला छळते. जुना फोटो समोर ठेवला की लोक हळवे होतात. ‘काय काळ होता!’ म्हणतात आणि बघणं तिथंच थांबतं. मग मोबाइलवरच्या फोटोला पिवळट छटा दिली की तो जुन्या वळणाचा झाला, असा समज. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी प्रिंटांचा पिवळेपणा ही काळानं केलेली झीज आहे. तिची नक्कल करून हाती काय लागणार?

आकाशाचंही तसंच. त्या काळच्या फोटोंतलं कोरं पांढरं आकाश मुलांना फार आवडतं. पण त्या काळी निगेटिव्हसाठी वापरली जाणारी, कलोडिअन या रसायनाचा लेप दिलेली काच निळ्या प्रकाशाला पटकन प्रतिसाद देते, लाल रंग तिला जवळजवळ दिसतच नाही. जमिनीवरचे तपशील उतरेपर्यंत निगेटिव्हमध्ये आकाश दाट काळं होऊन जातं, म्हणून प्रिंटवर ते पांढरं येतं. यात छायाचित्रकाराची निवड नव्हती. म्हणून वर्गात माझा पहिला प्रश्न ठरलेला : यातलं साहित्यानं काय लादलं आणि माणसानं काय ठरवलं?

त्यासाठी मी रॉजर फेंटन या छायाचित्रकाराचे दोन फोटो काढतो. क्रिमियाचं युद्ध, एप्रिल 1855. दारूच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी डार्करूम म्हणून सोबत. काच लेपायची, चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. सेवास्तोपोलजवळच्या एका ओसाड घळीत त्यानं एकाच जागेवरून दोन काचा घेतल्या. एकीत तोफगोळे रस्त्याकडेच्या चरात आहेत, रस्ता मोकळा. दुसरीत रस्त्यावरही गोळे पसरलेले. प्रसिद्ध झाला तो दुसरा.

आधी कुठला घेतला? सुझन सोंटॅग या लेखिकेनं 2003 च्या पुस्तकात ठामपणे लिहिलं की गोळे फेंटननं नंतर पसरवून घेतले. एरल मॉरिस या माहितीपटकाराला ते पुराव्याशिवाय मान्य होईना. तो थेट क्रिमियात गेला, ती जागा शोधली, सावल्यांवरून वेळ काढायचा प्रयत्न केला. सावल्यांनी निकाल दिला नाही. शेवटी निकाल दिला तो उतारावरच्या चार-पाच क्षुल्लक दगडांनी. डेनिस पर्सेल या प्रकाशतज्ज्ञाच्या ते लक्षात आलं. मोकळ्या रस्त्याच्या फोटोत हे दगड वर आहेत, गोळ्यांच्या फोटोत थोडे खाली. माणसांच्या वावरानं दगड सुटला तर तो खालीच घरंगळणार. म्हणजे मोकळा रस्ता आधीचा. गोळे कुणी हलवले, कशासाठी, हे दगड सांगत नाहीत, आणि तिथं मीही थांबतो. पण दीडशे वर्षं सगळे गोळ्यांकडे पाहत होते आणि उत्तर कुणी न पाहिलेल्या कोपऱ्यात होतं. फोटो कोपऱ्यापासून वाचा, असं मी कानीकपाळी ओरडतो ते याचसाठी.

माझं मत विचाराल तर मोकळ्या रस्त्याचा फोटो सरस आहे. गोळ्यांच्या फोटोत नजर पुढच्याच गोळ्यांना अडते. मोकळ्या रस्त्यावर ती वळणापर्यंत चालत जाते, मग चरातला ढीग दिसतो, आणि या वाटेनं आपल्याला जायचंय हे अंगावर येतं. तिथं ते लादलेलं पांढरं आकाशही कामी येतं, कारण आसरा म्हणावा असं चित्रात काहीच उरत नाही.

यंदा वर्गातल्या एका मुलानं पुरानंतरच्या गावाचे फोटो आणले. त्यातला सर्वांना आवडलेला फोटो चिखलातल्या बाहुलीचा होता. बाहुली त्यानं घरातून उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली होती. विचारल्यावर त्यानं ते सरळ सांगितलं. मी तो फोटो वर्गाच्या प्रदर्शनातून काढला. तो म्हणाला, “सर, फेंटनचा संग्रहालयात चालतो, मग माझा का नाही?”

प्रश्न खरा आहे. फेलिचे बिआतो या छायाचित्रकारानं 1858 मध्ये लखनौच्या सिकंदरबागेचा फोटो घेतला तेव्हा 1857 च्या उठावात तिथं झालेल्या कत्तलीला काही महिने उलटले होते. अंगणातली हाडं फोटोसाठी उकरून मांडली असावीत, असं अभ्यासक मानतात. तोही फोटो आम्ही वर्गात पाहतोच. मी मुलाला सांगितलं की संग्रहालयानं जपणं म्हणजे शाबासकी नव्हे, आणि आपण ते फोटो कसे रचले गेले हे कळायला पाहतो. त्याला ते पुरलं नाही. मलाही पूर्ण पुरत नाही, कारण गोळ्यांचा तो फोटो मी मुलांना दाखवतो तेव्हा त्याच्या ताकदीबद्दलही बोलतोच. मग त्या मुलाच्या कॅमेऱ्याचं कार्ड मागवून सगळ्या फ्रेम क्रमानं लावल्या. बाहुली हलवण्याआधीची एकच फ्रेम होती, दारातून घेतलेली, घाईची, तिरकी. तो दोन पावलं आत जाऊन गुडघ्यावर बसला असता तर बाहुली, भिंतीवरची पाण्याची रेघ आणि खाट एका चौकटीत आली असती. त्याच खोलीत, त्याच प्रकाशात. हे त्याला पटलं. बाहुलीचा फोटो मात्र प्रदर्शनात हवाच, असं तो अजून म्हणतो.