माळावरील विजेचा जमाखर्च

लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे १४० मैलांवर असलेल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात आमचा लहानसा ट्रेलर घेऊन हिवाळ्यात मुक्काम करण्याचा परिपाठ पडला, तेव्हा शहरवासी मनुष्यास विजेविषयी असणारी निश्चिंतता आम्हांस प्रथम सोडावी लागली. कारण तेथील एकाही तळावर विजेची जोडणी नाही, आणि जनरेटर चालविण्याची मुभा सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ व सायंकाळी ५ ते ७ एवढीच आहे.

बॅटरीच्या किमती विचारण्यापूर्वी मी आमच्या एका रात्रीचा खर्च कागदावर मांडला. दिवे आणि पाण्याचा पंप यांची रक्कम किरकोळ निघाली. खरा उधळ्या ठरला तो गॅसच्या हीटरचा पंखा. सुमारे ४,४०० फूट उंचीवरील जंबो रॉक्सच्या तळावर डिसेंबरात कित्येक रात्री पाणी गोठते, आणि ७ अँपिअर ओढणारा हा पंखा दहा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ जरी फिरला, तरी पहाटेपर्यंत ३५ अँपिअर-तास खर्ची पडतात. मध्यरात्री तो घरघरू लागला की सौभाग्यवती पांघरुणातूनच म्हणत, "अहो, लागला बघा तुमचा मीटर पळायला!"

शिसे-आम्ल बॅटरीचा निम्माच साठा वापरावा, असा दंडक आहे. त्याखाली ती वारंवार उतरली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. ट्रेलरसोबत आलेल्या ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून म्हणूनच एका थंड रात्रीची बेगमी जेमतेम होई. तिच्या जागी गोल्फच्या गाड्यांत वापरतात त्या जाड प्लेटांच्या, ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून बसविल्या. साठा सुमारे २२० अँपिअर-तासांवर गेला.

निवडीपेक्षा भरण्याचे प्रकरण अधिक नाजूक. सुमारे ८० टक्क्यांपर्यंत शिशाची बॅटरी अधाशीपणे वीज घेते. उरलेला भाग मात्र ती कित्येक तास घोटघोट घेत राहते, आणि तो तसाच अपुरा ठेवण्याची सवय लागली तर प्लेटांवर सल्फेटचे थर घट्ट बसतात. यास्तव सकाळच्या दोन तासांत जनरेटरने मोठा भरणा करावा आणि शिल्लक काम सूर्यावर सोपवावे, अशी तजवीज आम्ही केली. मूळचा चार्जर १३.६ व्होल्टच्या पुढे सरकत नसे. तो काढून १४.४ पर्यंत चढणारा बसविला. सोलर पॅनेल छतावर आडवे न टाकता जमिनीवर दक्षिणाभिमुख कलते ठेवले, कारण हिवाळ्यातील सूर्य त्या बाजूस खाली झुकलेला असतो, आणि तेथील प्रचंड शिळांची सावली सरकेल तसे ते हलविताही येते. ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीकडून येणारी तार इतकी लांब व बारीक, की तिच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

हल्ली शेजारच्या तळांवर लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्यांचे गुणगान ऐकू येते, आणि ते बव्हंशी यथार्थ आहे: वजन निम्म्याहून कमी, जवळजवळ सारा साठा वापरण्यास मोकळा, आणि अखेरची रडतखडत चाल नाही. परंतु शून्य अंशाखाली ती भरू गेल्यास कायमची इजा होते. बिछान्याखाली, उबेत तिला जागा देता येत असेल आणि खिशाची संमती असेल, तर लिथियमच घ्यावी. ट्रेलरच्या दांडीवर, उघड्या थंडीत बसवावयाची असेल, तर शिशाचीच बरी.