फळ्यावरील रेघ

पुष्कळ वर्षें आम्हीं गाढी नदी फळ्यावर शिकविली. निळ्या खडूनें एक वांकडी रेघ ओढावी, एका टोकास 'उगम' व दुसऱ्यास 'मुख' असें लिहावें, कीं आमचा धडा संपला! एके दिवशीं विचुंब्याच्या एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आमच्या अंगणांतलें पाणी ह्या रेघेंत कोठून शिरतें?" आम्ही निरुत्तर झालों.

पुढल्या शनिवारीं मुलांस घेऊन आम्ही नदीकांठीं गेलों. पूर्वेस प्रबळगड व सुमारें ८०० मीटर उंचीचें माथेरान दिसत होतें. त्या डोंगरांवरील ओहोळ मिळून गाढी होते, गाढेश्वराच्या धरणांत विसांवते, विचुंब्यावरून पनवेलीस येते आणि काळुंद्रे नदीसह खाडीस मिळते. ज्या उतारांचें पाणी ह्या वाटेनें जातें, तें सर्व तिचें पाणलोट क्षेत्र. म्हणजे त्या मुलाचें अंगणहि नदीचाच भाग होय.

ह्या वाटेवर बिऱ्हाडें किती! डोंगरओहोळांत खेकडे; खाडीच्या चिखलांत तिवरें व निवट्या. पहिल्या पावसांत मासे अंडीं घालण्यास भातखाचरांत चढतात, त्यास आपले लोक वलगण म्हणतात. खाचर बुजलें, कीं माशांचें घर जातें व पावसाचें पाणीहि बेघर होतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुज येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पनवेलकडेहि पूर आला. अशा वेळीं खाडीस भरती असली, तर नदीचें पाणी तुंबून मागें सरतें, आणि सखल जागाच तें पोटांत घेतात.

येथें आमचा एक अपराध सांगितला पाहिजे. घर बांधितांना बाजूचा सखल खळगा आम्हीं राडारोड्यानें बुजविला व जागा स्वच्छ झाली म्हणून संतोष पावलों. पुढल्या पावसाळ्यांत आमचें अंगण कोरडें राहिलें. शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरांत मात्र पाणी शिरलें. त्या एक शब्दहि बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं नेहमीप्रमाणेंच त्यांनीं "मास्तर, चहा घ्या" म्हणून हांक मारली. ती हांक आम्हांस फार लागली. उन्हाळा येतांच तो खळगा आम्हीं आपल्या हातांनीं पुन्हा उकरला.

मुलांनो, येत्या आषाढांत आपल्या दारचें पाणी कोठें जातें, तें एकदां त्याच्यामागून चालत जाऊन पाहा. वाटेंत कोणाचें घर लागतें, हेंहि पाहा. आम्ही तें फार उशिरां पाहिलें.