गादी सोडावी लागली

आमच्या इंदुरात महाराज तुकोजीराव होळकरांचा विषय निघाला की जुनी माणसं एकच वाक्य म्हणत : ‘महाराजांना गादी सोडावी लागली.’ म्हणताना आवाज थोडा उतरायचा. गादी सोडली असंही नाही आणि काढून घेतली असंही नाही. ‘सोडावी लागली’. त्या ‘लागली’त सगळा इंग्रज सरकारचा दरारा बसलेला.

इंग्रजीला ही सोय नाही. तिथे दोन शब्द आहेत, ॲब्डिकेट आणि डिपोज. राजा आपण होऊन उतरला तर पहिला, त्याला ओढून उतरवलं तर दुसरा. एका शब्दात राजा कर्ता, दुसऱ्यात कर्म. मधली पायरीच नाही. बरं, या शब्दांवर इंग्रजही भांडलेले आहेत. दुसरा जेम्स देश सोडून पळाला, त्यानंतर १६८९ मध्ये त्याचं काय झालं म्हणायचं यावर पार्लमेंटात खल झाला. कॉमन्स म्हणे त्यानं पदत्याग केला, लॉर्ड्स म्हणत तो नुसता सोडून गेला. पळालेल्या राजाला अखेर त्यागाचा मान मिळाला. स्कॉटलंडनं मात्र हे लाड केले नाहीत. त्यांनी ठराव केला की त्यानं हक्क गमावला.

हिंदुस्थानातल्या साहेबाला दोन्ही शब्द नीट वापरता येत. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट फेअरला विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप आला, चौकशी समिती बसली. समितीतले तीन इंग्रज एका बाजूला, तीन हिंदी सभासद दुसऱ्या बाजूला. तरीही सरकारनं गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं आणि मद्रासला धाडलं. त्यांच्यामागे बडोद्याचा कारभार सावरायला टी. माधवराव गेले, तेही आमच्या इंदूरची दिवाणगिरी सोडून. पण उघडउघड उतरवण्यात बोभाटा फार होतो. त्यापेक्षा कागद पुढे सरकवावा, सही त्यानंच करावी.

इंदूरच्या वाट्याला हा कागद दोनदा आला. शिवाजीराव होळकरांनी १९०३ मध्ये बारा वर्षांच्या मुलाच्या नावे गादी सोडली. तो मुलगा म्हणजे हेच तुकोजीराव. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. गाडीत त्यांच्यासोबत मुमताज बेगम होती, इंदूरचा दरबार सोडून आलेली. तपासाचे धागे इंदूरपर्यंत पोचले. मग व्हाइसरॉयकडून महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या : चौकशी आयोग, नाहीतर गादी. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी सतरा वर्षांच्या यशवंतरावांसाठी पदत्याग केला. स्वतः पस्तिशीचे. चौकशी झाली नाही, म्हणून खरं काय तेही कागदावर आलं नाही.

आमच्या नात्यातल्या एका काकांचंही असंच झालं होतं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, चौकशी लावू की आपण होऊन देताय? त्या अर्जाची कार्बन कॉपी मी पाहिली आहे. ‘घरगुती अडचणींमुळे’ एवढे शब्द, अक्षरं निळसर पसरलेली, आणि खाली मात्र सही ठसठशीत, शेवटच्या रेघेला झोकदार वळण देऊन केलेली. काकू जन्मभर सांगत राहिल्या, ‘ह्यांनी नोकरी सोडली.’ तिथे ‘लागली’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्या कागदाला आपण राजीनामा म्हणतो. इंदूरच्या कोर्टाच्या आवारात मात्र हाच शब्द हिंदीतून कानावर पडतो तेव्हा त्याचा अर्थ फिरतो. वकील पक्षकाराला सांगतो, ‘राजीनामा कर लो,’ म्हणजे समोरच्याशी तडजोड करून टाक, खटला मिटव. दोन भाषांत वाढलेल्या आम्हा इंदूरकरांना लहानपणी याची गंमत वाटे. १९२६ च्या त्या कागदाला मात्र मराठी राजीनामा म्हणा की हिंदी, दोन्ही शोभतात. इंग्रजांच्या दोन्ही शब्दांपेक्षा जास्तच शोभतात, असं माझं मत.

आता इंदूरचा लालबाग राजवाडा पाहायला गेलात, तर फाटकं आधी बघा. बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या धर्तीवर केलेली, विलायतेहून आणलेली. वाड्याचं काम शिवाजीरावांच्या काळापासून चाललं होतं, ते तुकोजीरावांनी १९२१ मध्ये पुरं केलं. पाचच वर्षांनी गादी गेली. आत कुणी माहीतगार हिंदीत सांगतो, महाराजांनी राजगद्दी ‘त्याग दी’. त्याग म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे भगवी कफनी येते आणि समोर तर झुंबरं लटकत असतात! तुकोजीराव काही हिमालयात गेले नाहीत. १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. ती शर्मिष्ठादेवी झाली आणि इंदूरच्या घरात रुळली.

१९४८ मध्ये यशवंतरावांचं संस्थान मध्य भारतात गेलं. तेव्हा ना पदत्याग, ना पदच्युती. विलीनीकरण असा तिसराच गुळगुळीत शब्द निघाला. यशवंतराव १९६१ मध्ये गेले, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. तुकोजीराव त्यानंतरही होते, १९७८ पर्यंत. सोडलेली गादी, ती ज्याच्यासाठी सोडली तो मुलगा आणि ती सोडायला लावणारं सरकार, तिघांच्याही मागे राहिले.