कुलूप आणि बोटांची सवय

वडिलांच्या निधनानंतर आई मंगरूळपीरच्या जुन्या घरीच राहिली. आमचे दुकान कारंज्याला. कापूस-तुरीच्या हंगामात मला तिकडे जाणे जमत नसे, म्हणून तिच्याजवळ मोबाइल असणे हाच आमचा दिलासा होता. तिचा फोन नोकिया ११००. २००३ साली बाजारात आलेला, टॉर्च असलेला तो साधा फोन तिने कित्येक वर्षे वापरला. त्याचे कुलूप लावायचे तर आधी मेनूचे बटण, पाठोपाठ स्टार. उघडायचे तरी तीच दोन बटणे. वाती वळता वळताही तिची बोटे ते काम न पाहता करीत.

तो फोन निकामी झाला तेव्हा मी घाईत दुसऱ्या कंपनीचा नवा फोन नेऊन दिला. त्यात स्टारचे बटण काही क्षण दाबून धरावे लागे. मी एकदा दाखवले, आईने मान हलविली आणि मी कारंज्याची बस धरली.

त्या हिवाळ्यात एका पहाटे ती अंगणात पाय घसरून पडली. फोन हातातच होता. मधले बटण, मग स्टार, पुन्हा मधले बटण, मग स्टार. पडदा उजळे आणि विझे. दूधवाला येईपर्यंत ती थंड फरशीवर तशीच पडून होती. मनगटाचे हाड मोडले होते. मी पोहोचलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "फोन होता रे हातात, पण त्याचं कुलूप माझ्या ओळखीचं नव्हतं."

फोन सदोष नव्हता. चूक माझ्या घाईची होती. तरीही एक प्रश्न उरतो. फोनवरील आकड्यांची मांडणी सगळीकडे सारखीच असते. वर १-२-३, आणि ५ वर बोटाला लागणारा उंचवटा. मग कुलपाचीच रीत निराळी का? कुठे स्टार दाबून धरायचा, कुठे हॅश, कुठे बाजूचे बटण. शासनाच्या २०१६ च्या नियमांनी साध्या फोनवर संकटकाळी दाबून धरण्याचे बटण सक्तीचे केले, ते १ जानेवारी २०१७ पासून. पण तेथेही ५ किंवा ९ अशी मुभा ठेवली.

आपण व्यापारी माणसे. एकेकाळी गावोगावचा मण निराळा असे आणि परगावच्या मालाचा हिशेब करताना डोके फिरे. १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू सर्वत्र किलो रुळला. तसे एक माप या बटणांना लाभेल तेव्हा लाभो. तोवर घरच्यांनीच काळजी घ्यायला हवी.

आता मी आईला फोन देताना तिच्याशेजारी तासभर बसतो. दिवा मालवून दहा वेळा कुलूप उघडायला लावतो. संकटाचे बटण कोणते, ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून देवघराशेजारी चिकटवतो. आपोआप कुलूप लागण्याची सोय बंद करता येत असेल तर तीही विचारून बंद करतो.

रोज रात्री नऊ वाजता तिचा फोन येतो. काही काम नसते. "उघडलं बघ," म्हणते आणि ठेवून देते.