सज्ञान बाळ

पवारांच्या काळी माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांत ‘बाळ’ हे संबोधन माणसाच्या साठीपर्यंत टिकते. एरवी त्यात कौतुकच असते. परंतु ज्याची समज जन्मतःच मंद आहे, अशाच्या बाबतीत हे लाडके नाव घरच्यांना गाफील ठेवते. कायदा त्याला बाळ मानीत नाही. मुलगा कितीही परावलंबी असो, अठरा वर्षे पूर्ण होताच आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते.

धरमपुरीच्या आमच्या वाड्यात हे ध्यानी आले ते थोरले बंधू गेल्यावर, शेताचे वाटणीपत्र करताना. पुतण्याच्या वतीने वहिनींनी केलेली सही चालणार नाही, असे वकील म्हणाले. ज्याच्या घासाघासाची काळजी बावीस वर्षे वाहिली, त्याच्यासाठी सही करण्याचाही अधिकार नाही, हे वहिनींच्या जिव्हारी लागले. वकिलांचे म्हणणे मात्र बरोबर होते.

उपाय आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी स्थानिक स्तर समितीची तरतूद केली. तिच्यात जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक विकलांग व्यक्ती असते. पालक नेमण्यासाठी आईवडील वा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करू शकतात. आपल्याला त्यासाठी धार गाठावे लागते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशेब. ही अट पुष्कळांना जाचक वाटते. आम्हांला तीच सर्वांत मोलाची वाटते. ज्याला भांडता येत नाही त्याचा हिस्सा भाऊबंदकीत कसा आटत जातो, हे जुन्या वाड्यांना सांगायला नको.

कागद झाला तरी दिवस घालवायचा उरतोच. पुण्यात सिंधूताई जोगळेकरांनी 1964 साली ‘कामायनी’ सुरू केली. शाळेचे वय उलटलेल्यांसाठी तिथे उद्योगकेंद्रही झाले. ‘आपल्यामागे याचे कोण’ या चिंतेतून बदलापूरला माधवराव गोरे आणि इतर पालकांनी ‘आधार’ हे निवासी घर उभारले. अशी घरे गावोगाव होणे कठीणच. आमचा पुतण्या सध्या आठवडी बाजारात आमच्यासोबत येतो. भाजी तोच निवडतो, पैसे तोच देतो. चिल्लर मोजायला त्याला फार वेळ लागतो, भाजीवाली थांबते.

पालक कोणी व्हावे यावर घरात एकमत होईना. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे: निर्णय त्या व्यक्तीशी बोलून, दोघांच्या समजुतीने व्हावेत. तेव्हा त्यालाच विचारले. सख्ख्या भावाचे नव्हे, आमच्या कन्येचे नाव त्याने घेतले. तो अर्ज आता लिहून होत आहे.